धान्य पाच महिन्यांचे, इन्सुलिन नऊ दिवसांचे : एका घराच्या तयारीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच जणांच्या एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून ठिकाण, चलन आणि काही तपशील गाळले आहेत, आणि माणसांना घरातल्या नात्यांनीच संबोधले आहे. बाबा एका मध्यम आकाराच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम करतात. आई घरी बसून दोन-तीन छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. आजी म्हणजे बाबांची आई. तिने सत्तरी ओलांडली आहे आणि ती दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते. मुलगी सोळा वर्षांची, मुलगा नऊ. घर स्वतःचे, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यावर बदलत्या व्याजदराचे कर्ज.

घराचे महिन्याचे उत्पन्न १०० धरले तर त्यात बाबांचा मूळ पगार ६०, ओव्हरटाइम १८ आणि आईची कमाई २२. खर्चाच्या बाजूला कर्जाचा हप्ता ३१, वाणसामान, दूध आणि भाजी मिळून २४, मुलांचे शिक्षण १३, औषधे ६, वीज, इंधन आणि प्रवास १२. उरायचे १४. शिवाय साधारण चार महिन्यांच्या खर्चाएवढी एक मुदत ठेव होती. महिन्याला चौदा उरतात, म्हणजे घर ठीक चालले आहे असे दोघांनाही वाटत होते. पण ओव्हरटाइम वजा केला की तीच शिल्लक उणे चारवर येते. इतकी वर्षे ओव्हरटाइम न चुकता मिळत आल्याने तो पगारातच धरला गेला होता.

मग चलन घसरायला लागले आणि आयात अडू लागली. कारखान्याला कच्चा माल वेळेवर मिळेना, त्यामुळे आधी ओव्हरटाइम बंद झाला. विजेची कपात सुरू झाली. त्याच सुमारास कर्जाचा दर वाढल्याचे पत्र आले. माझ्याकडे हे कुटुंब आले ते या टप्प्यावर. घरगुती अर्थनियोजनात कुटुंबांना मदत करणे हे माझे काम आहे.

प्रश्न त्यांनी कसा मांडला होता

बाबांच्या हातात यादी होती : तीनशे किलो धान्य, कडधान्ये, तेलाचे डबे, साखर, मेणबत्त्या. यातले शंभरेक किलो धान्य घरात येऊनही पडले होते. उरलेले क्रेडिट कार्डावर आणि थोडे वैयक्तिक कर्ज काढून घ्यायचे, कारण पुढच्या महिन्यात भाव आणखी चढणार. आईचे म्हणणे होते की आत्ता एक पैसाही बाहेर जाता कामा नये. आजीचे तिसरेच. तिने लहानपणी टंचाई पाहिली होती. ती म्हणाली, “अरे, एवढी धावपळ कशाला? आम्ही एक वेळ पातळ करून दिवस काढले. तसंच काढू.” या वाक्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही, मीही दिले नाही. पुढे त्याला फार महत्त्व आले.

तिघांच्या म्हणण्यात तथ्य होते. ज्या वस्तू नक्की लागणारच आहेत त्या भाव चढण्याआधी घेणे ही एक प्रकारची बचतच असते. उत्पन्न घटत असताना रोकड हातात असणे ही मोठी ताकद असते. आणि कमीत भागवायची सवय असलेले घर टिकते. पण तिघेही आपापल्या भीतीला उत्तर देत होते. आपल्या घरात आधी काय तुटेल, हे कोणी पाहिले नव्हते.

अशा काळात उत्पन्न आणि पुरवठा हे दोन वेगळे धागे आहेत, आणि ते वेगवेगळ्या वेळी तुटू शकतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सर्वाधिक बळी गेले ते भूमिहीन मजूर, मच्छीमार आणि कारागीर यांचे. तांदळाचे भाव त्यांच्या मजुरीच्या कितीतरी पुढे निघून गेले, त्यामुळे बाजारात धान्य असूनही ते त्यांच्या हाती येईना. उलट १९७३ च्या तेलसंकटात जपानमध्ये लोकांकडे पैसा होता आणि टॉयलेट पेपरचे उत्पादनही चालू होते, तरी तो संपणार अशी अफवा उठली, लोकांनी रांगा लावल्या आणि दुकाने खरोखर रिकामी झाली. एकीकडे खरेदीची ताकद तुटली, दुसरीकडे पुरवठ्यावरचा विश्वास. बाबांची यादी फक्त दुसऱ्या प्रकारच्या संकटाशी लढायला निघाली होती.

दिवसांचा हिशेब

खरेदी आठवडाभर थांबवायची आणि आधी दिवस मोजायचे, एवढे मी सुचवले. घरात लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीसमोर दोन आकडे लिहायचे. ही गोष्ट आजपासून मिळेनाशी झाली तर ती किती दिवस पुरेल, आणि आजपासून उत्पन्न थांबले तर ती किती दिवस परवडेल. ही वही मुलीने लिहायला घेतली. मुलांना यात ओढावे की नाही यावर आई-बाबांचे एकमत नव्हते. पण सोळा वर्षांच्या मुलीला घरात काय चालले आहे ते कळतच होते. न सांगण्याने तिची भीती फक्त एकटी पडली असती. नऊ वर्षांच्या मुलाला मात्र आकडे न सांगता कामे दिली : पाण्याचे कॅन पुसणे, त्यांच्यावर तारखा चिकटवणे.

वहीतले आकडे पाहून बाबा बराच वेळ गप्प बसले. घरी आणलेले धान्य पाच जणांना पन्नास दिवस पुरणार होते आणि यादी पूर्ण केली असती तर पाच महिने. स्वयंपाकाचा गॅस बारा दिवसांचा. आजीचे इन्सुलिन नऊ दिवसांचे. घरात रोख तीन दिवसांची. आणि पिण्याचे पाणी एक दिवसही धड पुरणारे नव्हते, कारण तिसऱ्या मजल्यावर पाणी पंपाने चढायचे आणि पंप विजेवर चालायचा.

विजेवरच फ्रीज चालायचा आणि इन्सुलिन फ्रीजमध्ये होते. एक धागा तुटला की दोन जीवनावश्यक गोष्टी एकदम संकटात येणार होत्या, आणि बाबांच्या यादीत त्यांच्यासाठी काहीच नव्हते.

धान्याचा हिशेबही मुलीनेच केला. आणीबाणीच्या मदतीत माणशी रोज सुमारे २१०० किलोकॅलरी हे नियोजनाचे प्रमाण धरतात. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या नेहमीच्या कोरड्या शिध्यात त्यासाठी माणशी रोज साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळी-कडधान्ये, २५ ग्रॅम तेल, थोडी साखर-मीठ आणि पोषणमूल्ये वाढवलेले पीठ असते. म्हणजे पाच जणांना महिन्याला धान्य ६० किलो, डाळी-कडधान्ये ९ किलो आणि तेल चार किलोच्या आत. बाबांच्या यादीत धान्य भरमसाट होते आणि कडधान्ये त्या मानाने फारच कमी. नुसत्या धान्याने पोट भरते, पण वाढत्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसाला लागणारी प्रथिने त्यातून पुरेशी मिळत नाहीत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बाबांचा : उधारीवर मोठा साठा. कार्डाचे व्याज महिन्याला ३ टक्के असेल तर चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या पुढे जाते. धान्याचा भाव वर्षात त्याहून जास्त वाढला तरच हा व्यवहार फायद्याचा, आणि तोही कीड लागली नाही तर. शिवाय उत्पन्न घटत असताना आणखी एक हप्ता अंगावर येणार. हा पर्याय आम्ही ठामपणे बाजूला ठेवला. साठा जमेल तेवढाच, चालू पैशातून, हे ठरले.

दुसरा पर्याय आईने पुढे केला : मुदत ठेव मोडून कर्जात भरायची, म्हणजे हप्ता हलका होईल. कागदावर हा पर्याय सर्वांत शहाणा दिसतो, आणि एरवी मी तोच सुचवला असता. पण कर्जात भरलेला पैसा सहसा परत काढता येत नाही. पगार थांबला त्या महिन्यात घर चालवायला तो उपयोगी नाही. कठीण काळात व्याज वाचवण्यापेक्षा हातात पैसा असणे मोलाचे, असे माझे मत होते आणि आजही आहे. ठेव मोडायची नाही, पण तिचे चार तुकडे करायचे, म्हणजे एक मोडावा लागला तरी बाकी तीन तुकड्यांचे व्याज बुडणार नाही, असे ठरले.

तिसरा पर्याय जनरेटरचा. शेजारच्या इमारतीत एकाने घेतला होता. त्याला लागणारे इंधनच टंचाईत सर्वांत आधी आटते. जून २०२२ च्या अखेरीस श्रीलंकेत अत्यावश्यक सेवा सोडून इतरांना इंधन विकणे थांबवले गेले तेव्हा घरोघरचे जनरेटर नुसते उभे राहिले असणार. घरात पेट्रोल साठवणे आगीला निमंत्रण. बंद जागेत किंवा गॅलरीत जनरेटर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला वायू माणसे मारतो. जनरेटर नको, छोटा इन्व्हर्टर पुढे जमला तर पाहू, असे झाले.

चौथा पर्याय काहीच न करण्याचा. तो कोणी बोलून दाखवला नाही, पण आठवडाभराच्या वादात घर प्रत्यक्षात तोच निवडत होते.

काय केले

सर्वांत आधी इन्सुलिन. आईने आजीच्या डॉक्टरांना परिस्थिती सांगितली आणि दोन महिन्यांचे औषध लिहून घेतले. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. उघडलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, मात्र खोली फार तापणारी नको आणि त्या त्या औषधाच्या पत्रकात काय लिहिले आहे ते पाहायलाच हवे. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नाही. म्हणून ते फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवले नाही आणि बर्फाच्या पिशवीला थेट टेकवलेही नाही, मध्ये कापड घातले. प्रत्येक कुपीवर उघडल्याची तारीख. वीज गेल्यावर फ्रीजचे दार उघडले नाही तर आतली थंडी सुमारे चार तास टिकते, त्यामुळे कपातीच्या वेळात फ्रीज उघडायचा नाही हा घरचा नियम झाला. निम्मा साठा तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये गेला. त्यांची वीजवाहिनी वेगळी होती आणि दोन्हीकडची वीज क्वचितच एकदम जायची. या एका निर्णयाला खर्च शून्य आला. पण आपल्या घरात असा आजार आहे आणि आपण अडचणीत येऊ शकतो, हे शेजाऱ्यांना सांगायला बाबांना आठवडा लागला.

मग पाणी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर धरले तर पाच जणांना पंधरा. दोन आठवड्यांचे २१० लिटर, म्हणजे वीस लिटरचे अकरा कॅन. अंघोळ-धुण्याला वेगळे पिंप. मानवतावादी मदतीच्या स्फिअर मानकांत सर्व वापर मिळून माणशी रोज किमान १५ लिटर धरतात, तेव्हा पिण्याच्या पाण्यावर सगळे भागेल असे समजू नये. कॅन अन्नपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचे, उन्हापासून लांब, भिंतीलगत एका थरात. सगळे वजन एका कोपऱ्यात आणायचे नाही.

रोकड. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनात खात्यातून आठवड्याला २५० पेसोच काढता येऊ लागले. मार्च २०१३ मध्ये सायप्रसच्या बँका जवळपास दोन आठवडे बंद राहिल्या. २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये दिवसाला ६० युरोची मर्यादा आली. तिन्ही ठिकाणी लोकांचे पैसे खात्यात दिसत होते. म्हणून दोन आठवड्यांच्या घरखर्चाएवढी रोकड, लहान नोटांत, घरी ठेवली. त्याहून जास्त नाही, कारण घरातली रोकड महागाईत रोज झिजते आणि चोरीची भीती असतेच.

कर्जाच्या पत्राकडे परत आलो तेव्हा एक गोष्ट हाती लागली जी आईने, हिशेबनीस असूनही, वाचायची सोडली होती. दर वाढला तरी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाणार होती. ऐकायला ही सवलत वाटते. २० वर्षांच्या नव्या कर्जाचा दर ८ वरून १० टक्के झाला तर हप्ता सुमारे १५ टक्क्यांनी वाढायला हवा. तो वाढवला नाही आणि पहिलाच हप्ता कायम ठेवला तर तेच कर्ज फिटायला २० ऐवजी सुमारे ५६ वर्षे लागतील, कारण जवळपास सगळा हप्ता व्याजातच जातो. यांचे कर्ज जुने होते, त्यामुळे फटका इतका नव्हता, पण दिशा तीच. हप्ता थकण्याच्या आधी, सगळे हप्ते वेळेवर भरलेले असतानाच, त्यांनी लेखी अर्ज दिला : नऊ महिने कमी हप्ता, त्यानंतर वाढीव हप्ता, मुदतवाढ कमीत कमी. थोड्या ओढाताणीनंतर तो मंजूर झाला. एक हप्ता चुकल्यावर हाच अर्ज दिला असता तर त्यांची बाजू कमकुवत झाली असती.

साठा सर्वांत शेवटी आला, आणि हळूहळू. दर महिन्याच्या वाणसामानात जे नेहमी खातात त्यातलेच थोडे जास्त घ्यायचे, नवे मागे, जुने पुढे. बाजारात माल भरपूर असतो तेव्हा थोडे जास्त घेतल्याने कोणाचे काही जात नाही. फळ्या रिकाम्या होऊ लागल्यावर घेतलेली जास्तीची पिशवी मात्र कोणाच्या तरी घरातून आलेली असते. ही मर्यादा या कुटुंबाने पाळली, आणि मला ती महत्त्वाची वाटते.

कठीण महिने

पुढचे वर्षभर वाईट गेले. कारखाना सहा दिवसांचा चार दिवसांवर आला, म्हणजे बाबांचा पगार साठाचा चाळीस झाला. दोन महिने तर निम्माच पगार मिळाला. वीज दिवसातून सहा-सात तास जाऊ लागली. एका काळात आजीचे इन्सुलिन तीन आठवड्यांहून अधिक काळ कुठेच मिळाले नाही. घरात ते होते. पाण्यासाठी इमारतीत भांडणे झाली, या घरात पिण्याचे पाणी कधी संपले नाही.

उत्पन्नाच्या बाजूला एक अनपेक्षित गोष्ट घडली. नव्या वस्तू महाग झाल्या की जुन्या दुरुस्त होतात. बाबा सुट्टीच्या दिवशी पंप, पंखे, मिक्सर दुरुस्त करू लागले. सुरुवातीला ओळखीच्यांकडून पैसे घ्यायला त्यांचा हात धजेना. आईने दरपत्रक लिहून दाराशी लावले आणि ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांच्यासाठी रक्कम मोकळी ठेवली. सहा महिन्यांत या कामातून पूर्वीच्या ओव्हरटाइमच्या जवळपास तीन-चतुर्थांश पैसे येऊ लागले. ठेवीच्या चार तुकड्यांपैकी दोन मोडावे लागले, दोन टिकले.

अडचण जिथे आली ती जागा वहीत होती, पण आम्ही तिचा अर्थ पुरता लावला नव्हता. गॅस. साठा अख्ख्या धान्याचा आणि अख्ख्या कडधान्यांचा, आणि दोन्ही शिजायला वेळ खाणारे. गॅस आठ-दहा दिवस उशिरा येऊ लागला तेव्हा डब्यात अन्न होते पण चूल पेटवणे महाग झाले. मग कडधान्ये रात्रभर भिजवणे, उकळी आणून भांडे जाड पांघरुणांत गुंडाळून आपल्याच उष्णतेत शिजू देणे सुरू झाले. यात एक काळजी : राजम्यासारख्या दाण्यांत विषारी घटक असतो, तो कोमट उष्णतेत नष्ट होत नाही. भिजवलेले पाणी टाकून देऊन ते दाणे किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्याशिवाय पांघरुणात ठेवायचे नाहीत.

सुरुवातीला आणलेल्या धान्यापैकी जवळपास पाव भाग किडीने गेला. पोती जमिनीवर, बाहेरच्या भिंतीला टेकून होती. ओल आत गेली. किडीची अंडी बहुतेक वेळा धान्याबरोबरच येतात आणि ओल मिळाली की फुटतात. नंतरचे धान्य पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यांत, फळ्यांवर ठेवले आणि ते टिकले.

आजीचे ताट

या प्रकरणातला सर्वांत गंभीर प्रसंग सातव्या महिन्यात घडला. एके संध्याकाळी मुलगी क्लासहून आली तेव्हा आजी खुर्चीत घामाने भिजलेली, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. मुलीने साखरपाणी पाजले आणि रक्तातली साखर मोजली. ती ७० मिलिग्रॅमच्या बरीच खाली होती. अशा वेळी, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर, सुमारे १५ ग्रॅम साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि गरज पडली तर पुन्हा द्यायची. हे तिला डॉक्टरांनी औषध लिहून देतानाच शिकवले होते. आजी सावरली.

कारण नंतर कळले. आजी गेले काही आठवडे दुपारचे जेवण निम्मे करत होती. मुलांच्या ताटात आपला वाटा सरकवत होती आणि इन्सुलिन मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण घेत होती. आईने विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला आता कितीसं लागतंय, गं.” मग आईनेही कबूल केले की तीही रात्रीचे कमी खात होती. घरात अन्न होते. वहीप्रमाणे तर त्या दिवशी अडतीस दिवसांचे होते. तरीही घरातल्या दोन बायका उपाशी राहत होत्या, कारण वही वस्तू मोजत होती आणि ताटे कोणी मोजत नव्हते.

कमी पडायला लागले की घरातली मोठी बाई आधी आपले ताट कमी करते, आणि ते इतक्या शांतपणे करते की बाकीच्यांना घर व्यवस्थित चालल्याचा भास होतो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत हा त्याग थेट जिवावर बेततो. त्या दिवसानंतर या घरात तीन गोष्टी बदलल्या. सगळे एकत्र जेवायला बसू लागले. वहीत प्रत्येक माणसाचे एक पान आले : खाल्ले का, औषध घेतले का, महिन्याचे वजन. आणि आजीच्या इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांशी बोलून तिच्या प्रत्यक्ष जेवणाशी जुळवली गेली.

काय वेगळे करता आले असते

ताटांचा मुद्दा पहिल्याच बैठकीत येऊ शकला असता. आजीने पातळ करून दिवस काढण्याचे जे सांगितले त्यात ती पुढे काय करणार हे स्पष्ट होते. कोणाला किती मिळायला हवे हे आधी लिहून ठेवले तर स्वतःला वजा करणाऱ्या माणसाला तसे करणे कठीण जाते. आज मी दिवसांची वही सुरू करताना माणसांची पाने आधी काढायला सांगते आणि वस्तूंची नंतर.

साठ्यातली प्रत्येक गोष्ट खाण्याच्या स्थितीत यायला काय लागते, हा दुसरा प्रश्न. धान्यासमोर पन्नास दिवस लिहिले आणि गॅससमोर बारा. खरे तर तेव्हा धान्यही बाराच दिवसांचे होते. जी गोष्ट दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे तिचे दिवस त्या दुसऱ्या गोष्टीइतकेच धरायला हवेत. हा हिशेब आधी केला असता तर अख्ख्या कडधान्यांऐवजी लवकर शिजणाऱ्या डाळी घेतल्या असत्या.

सरकारी सल्ल्यांची मुदत नीट समजून घ्यायला हवी होती. जर्मनीचे नागरी संरक्षण खाते घरात दहा दिवसांचा साठा सुचवत आले आहे, स्वीडन आठवड्याचा, युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये ७२ तासांची तयारी सुचवली. बाबांनी हे आकडे वाचून आपली यादी त्यांच्या कितीतरी पट केली होती, म्हणजे सुरक्षितताही तितक्याच पट वाढेल असे त्यांना वाटले. पण ते आकडे बाहेरून मदत पोहोचेपर्यंतच्या काळासाठी आहेत. मंदीत महिनोन् महिने घर चालवते ते उत्पन्न. बाबांचा दुरुस्तीचा व्यवसाय तीन महिने आधी सुरू होऊ शकला असता. हत्यारे घरात होती, वेळही होता. ठेवीचा एक तुकडा त्यामुळे नक्की वाचला असता.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी पूर्णच सुटल्या. मुलाच्या पायातले बूट वर्षात दोनदा लहान झाले. आजीचा चष्मा फुटला आणि काच मिळायला महिना लागला. मुलीच्या सॅनिटरी पॅडचा विचार बाबांच्या यादीत नव्हता आणि आईच्याही नव्हता. मुलीने ते स्वतः वहीत लिहिले, तेही तिसऱ्या महिन्यात.

सध्याची स्थिती

कारखाना पुन्हा पाच दिवस चालतो. सवलतीचे नऊ महिने संपून वाढीव हप्ता सुरू झाला आहे आणि त्याने महिन्याची शिल्लक जवळजवळ खाल्ली आहे. ओव्हरटाइम परत आला तर तो पगारात धरायचा नाही, ठेवीचे मोडलेले दोन तुकडे त्यातून भरायचे, असे दोघांनी ठरवले आहे. बाबांनी नोकरी सोडून दुरुस्तीचेच काम करावे का, यावर घरात अजून एकमत नाही. आईला वाटते की आजीच्या औषधाचा नियमित खर्च असेपर्यंत पगाराचा निदान एक धागा हवाच. माझेही मत तिच्यासारखेच आहे, पण निर्णय त्यांचा आहे आणि तो व्हायचा आहे.